स्त्रीनामाचा उगम आणि साहित्यातील वावर कसा शोधावा

एखाद्या स्त्रीनामाचा उगम शोधायला नावांच्या याद्यांपासून सुरुवात करू नये. तिथे ‘देवीचे नाव’ किंवा ‘सुंदर’ एवढ्यावर बोळवण केलेली असते. हे नाव कोणत्या पात्राचे, हे आधी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या ‘प्राचीन चरित्रकोशा’त पाहावे आणि तिथे दिलेले मूळ ग्रंथातील स्थळ काढून स्वतः वाचावे.

शकुंतलेचेच पाहा. निर्जन वनात शकुंतांनी, म्हणजे पक्ष्यांनी, हिला राखले म्हणून मी हिचे नाव शकुंतला ठेवले, असे कण्व आदिपर्वात सांगतात. नाव कोणी ठेवले आणि का, हे दोन्ही एका श्लोकात मिळते. महाभारताच्या पोथ्यांत पाठभेद फार असल्यामुळे असा श्लोक पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीशी ताडून घ्यावा.

द्रौपदी, पांचाली, जानकी, वैदेही ही मात्र पित्यावरून, कुळावरून वा देशावरून पडलेली नावे आहेत; द्रौपदीचे स्वतःचे नाव कृष्णा. सीता म्हणजे नांगराचे तास, आणि ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात तिला देवता म्हणून आळवले आहे. तेव्हा हे नाव रामायणापेक्षाही जुने ठरते.

उगम हाती आला की लेखकाने त्या नावाचे काय केले ते पाहावे, आणि खरा आनंद इथेच आहे. कालिदासाच्या नाटकाच्या सातव्या अंकात तापसी मातीचा मोर दाखवत लहानग्या सर्वदमनाला ‘शकुंत-लावण्य’ पाहायला सांगते, त्या अक्षरांत त्याला आईचे नाव ऐकू येते आणि तो ‘माझी आई कुठे आहे?’ असे विचारतो. जवळ उभ्या असलेल्या दुष्यंताला त्याच्या आईचे नाव कळते ते यातूनच. नावाची फोड ठाऊक नसेल तर हा प्रसंग निम्माच कळतो. महाभारतातील शकुंतला भर सभेत राजाशी वाद घालते, तिथे अंगठीही नाही आणि शापही नाही. म्हणून दोन्ही शकुंतला शेजारी ठेवून वाचाव्यात आणि मग १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शाकुंतला’कडे वळावे.

संत कवयित्रींच्या बाबतीत अभंगाचे शेवटचे चरण तपासावेत. जनाबाई ‘जनी’ अशी स्वतःची मुद्रा, म्हणजे रचना आपली असल्याची खूण, घालते, तर सोयराबाईच्या कितीतरी अभंगांत ‘चोखियाची महारी’, म्हणजे चोखामेळ्याची बायको, एवढेच येते. तिचे अभंग नुसत्या नावाने शोधले तर हाती लागत नाहीत, त्यासाठी ही मुद्राच शोधावी लागते.