छोटा कॅमेरा घेताय? मग निदान या चुका तरी टाळा

"मोठा कॅमेरा विकून टाकला, आता छोटाच वापरणार," असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, "लेन्स कुठली घेतली?" उत्तर ऐकून बहुतेकदा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

माणूस दुकानात नुसती बॉडी हातात धरतो, "अरे, केवढीशी आहे!" म्हणतो आणि पैसे मोजतो. सोनीची २०१३ ची पहिली ए७ बॅटरीसकट ४७४ ग्रॅमची. तिच्यासाठी त्यांनीच पुढे काढलेली पहिली २४-७० एफ २.८ जीएम लेन्स ८८६ ग्रॅमची! डीएसएलआरमधला आरसा गेला म्हणून मिररलेस बॉडी बारीक झाली, पण सेन्सर तेवढाच राहिला, ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेम. ५० मिमीच्या लेन्सला एफ १.४ हवं तर प्रकाश आत सोडणारं छिद्र जवळपास ३६ मिलिमीटरचं लागणार. ५० भागिले १.४, साधा भागाकार आहे. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरवर तेवढंच दृश्य २५ मिमीला मिळतं आणि १८ मिलिमीटरमध्ये काम भागतं. पार्श्वभूमी तेवढी धूसर होत नाही, हे खरं. ते चालणार नसेल तर मोठाच कॅमेरा ठेवा, पण मग मान दुखते म्हणून कुरकुर नको.

हा मूर्खपणा मी स्वतः करून बसलोय. डीएसएलआर काढून छोटी मिररलेस बॉडी घेतली, पण लेन्सेस "चांगल्या आहेत, कशाला विकायच्या" म्हणून ठेवल्या आणि मध्ये अ‍ॅडॅप्टर घातला. पहिल्याच भटकंतीत कळलं. कॅमेरा सतत लेन्सच्या बाजूने पुढे झुकायला बघत होता, ग्रिप एवढी आखूड की करंगळी खाली लोंबकळत होती, आणि दुपारपर्यंत मनगट भरून आलं. फोकस मंदावला तो वेगळाच. घरी येऊन सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, तर जुन्या सेटपेक्षा जेमतेम दीडशे ग्रॅम कमी! दोन महिने ते धूड कपाटात पडून होतं. शेवटी लेन्सेस विकल्या आणि एकच छोटी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घेतली. आता कुणी सल्ला मागितला तर मी सांगतो, बॉडी, लेन्स, पट्टा आणि जास्तीची बॅटरी यांचं एकत्र वजन करा, आणि रोजच्या जॅकेटच्या खिशात जातो का ते बघा. जात नसेल, तर माझ्या लेखी तो छोटा कॅमेरा नाही.

आणि कृपा करून त्याला केज (बॉडीभोवतीची चौकट), जादा ग्रिप आणि लेन्सपुढे भला मोठा हूड चढवू नका.

दुसरी लाडकी चूक म्हणजे सायलेंट शटर कायमचं चालू ठेवणं. एका मित्राने गाण्याच्या कार्यक्रमात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि १/५०० सेकंदाला दोनशेवर फोटो काढले. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर गायिकेच्या चेहऱ्यावरून आडवे काळपट पट्टे! "सेन्सर गेला वाटतं," म्हणून रात्री मला फोन. सेन्सर ठणठणीत होता. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका दमात वाचत नाही, ओळीओळीने वाचतं. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. अशा ठिकाणी मी सरळ मेकॅनिकल शटर लावतो आणि १/१०० सेकंदापेक्षा वेगवान शटर ठेवत नाही. सुरुवातीचे दोन फोटो मोठे करून बघतो. हे मिनिटभराचं काम कुणालाच करायचं नसतं, त्याला काय करणार?

लँडस्केप म्हटलं की एफ १६, म्हणजे बारीक छिद्र, ही मोठ्या कॅमेऱ्याची सवय इथे नेऊ नका. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ ५.६ ला फुल फ्रेमच्या एफ ११ एवढाच पुढचा-मागचा भाग स्पष्ट येतो. त्यापुढे छिद्र फार बारीक केलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, फोटो मऊ पडतो.

"एक इंच सेन्सर" हे नाव ऐकून पट्टी काढू नका. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय.

रिको जीआर ३ सारखा एकाच फोकल लेंग्थचा कॅमेरा घेऊन आठवड्यात "झूमच नाही" म्हणत विकायला काढणारे तर रोज भेटतात. अहो, हे घेण्याआधी माहीत नव्हतं? महिनाभर दुसरा कॅमेरा हातात धरू नका, मग बोलू.

छोट्या कॅमेऱ्याची लाज वाटणाऱ्यांसाठी एवढंच: विख्यात फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतांशी छोट्याशा लायका कॅमेऱ्यावर ५० मिमी लावून फिरले, वर त्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकायचे.

बॅटरीही छोटी असते, हे लोक विसरतात. जीआर ३ ला अधिकृत मोजणीनेच सुमारे २०० फोटो मिळतात. माझी भरलेली बॅटरी उजव्या खिशात आणि संपलेली डाव्या. एकदा पँट बदलताना दोन्ही एकाच खिशात टाकल्या, आणि नेमकी रिकामीच परत कॅमेऱ्यात घातली.