कॅरमचा गेम आणि अडलेलं इम्पोर्ट

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला माझा कॅरमचा गेम क्रोममध्ये मस्त चालायचा, पण जेस्ट या कोड तपासणाऱ्या टूलने टेस्ट लावली की पहिल्याच ओळीला बोंब: मॉड्यूलबाहेर इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलीतला कोड आणणं) चालणार नाही. दोन रात्री वेड्यासारखे फाइलींचे पाथ तपासले. पाथ बरोबरच होते!

खरी गोम बोरिवली लोकलमध्ये उभ्याउभ्या कळली. फाइल मॉड्यूल आहे हे ब्राउझरला पानाच्या स्क्रिप्ट टॅगमधल्या 'टाइप मॉड्यूल'मुळे समजतं. जेस्टला तो टॅग दिसतच नाही, ते फाइल जुन्या कॉमनजेएस पद्धतीची, म्हणजे इम्पोर्टऐवजी 'रिक्वायर' वापरणारी, धरतं. पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलीत 'टाइप'ला 'मॉड्यूल' दिलं, आणि जेस्ट ज्यावर चालतं त्या नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) एक्स्पेरिमेंटल व्हीएम मॉड्यूल्स हा पर्याय लावला. इम्पोर्ट सुटलं.

मग 'डॉक्युमेंट', म्हणजे ब्राउझरमधलं पान, सापडेना. जेस्ट २८ पासून त्या पानाची नक्कल करणाऱ्या जेएसडॉमचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. मी ते घेतलंच नाही. सोंगट्यांच्या टकरीचं गणित कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्या कोडपासून तोडून वेगळ्या फाइलीत टाकलं. त्याला डॉम, म्हणजे पानाची रचना, लागतच नाही.