इंट अ‍ॅरेमध्ये व्हॅल्यू सापडतच नव्हती, माझा अनुभव

जावा या प्रोग्रामिंग भाषेत पिनकोडचा एक इंट अ‍ॅरे, म्हणजे पूर्णांकांची रांग, होता आणि यूजरने टाकलेला पिन त्यात आहे का एवढंच बघायचं होतं, म्हणून मी अ‍ॅरेज डॉट अ‍ॅज-लिस्ट करून त्याची लिस्ट बनवली आणि त्यावर कंटेन्स (व्हॅल्यू आत आहे का ते सांगणारी मेथड) लावलं, तर उत्तर कायम फॉल्स. ४११००४ अ‍ॅरेत डोळ्यांना दिसतोय तरी फॉल्स! कंपायलरची साधी वॉर्निंगसुद्धा नाही.

शेवटी लिस्टचा साइज प्रिंट केला. १ आला! तिथेच उलगडा झाला. जावातलं जेनेरिक्स (लिस्टमध्ये कुठल्या टाइपचे आयटम असतील ते ठरवणारी सोय) इंटसारखे प्रिमिटिव्ह, म्हणजे ऑब्जेक्ट नसलेले साधे, टाइप घेतच नाही, त्यामुळे अख्खा अ‍ॅरे हाच लिस्टमधला एकुलता एक आयटम होतो आणि कंटेन्सला कुठलाही ऑब्जेक्ट चालतो म्हणून कोड बिनबोभाट कंपाइल होतो. स्ट्रिंग (मजकूर) हा ऑब्जेक्टच असल्यामुळे तिच्या अ‍ॅरेला हेच व्यवस्थित चालतं, म्हणून माणूस हमखास फसतो.

मग मी लिस्टचा नादच सोडला आणि इंटस्ट्रीम डॉट ऑफ मध्ये अ‍ॅरे देऊन एनीमॅच (एक तरी व्हॅल्यू जुळते का ते बघणारी मेथड) लावलं, जावा ८ पासून हे आहे, एका ओळीत काम झालं. लिस्ट हवीच असेल तर अ‍ॅरेज डॉट स्ट्रीम, मग बॉक्स्ड (प्रत्येक इंटचा ऑब्जेक्ट करायला), मग कलेक्ट (ते लिस्टमध्ये गोळा करायला). बायनरीसर्च (दरवेळी अर्धा भाग वगळत शोधणं) पण आहे पण अ‍ॅरे आधी सॉर्ट केलेला पाहिजे, नाहीतर उत्तराचा काही भरवसा नाही. आणि परत परत शोधायचं असेल तर सरळ हॅशसेट (व्हॅल्यू आहे का ते झटकन सांगणारा संच) करा, मी नंतर तेच केलं कारण माझं चेकिंग लूपमध्ये होतं.