स्टीमपंक प्रेमकथा लिहायची तर आधी यंत्र ठरवा

स्टीमपंक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या यंत्रांवर बेतलेली काल्पनिक दुनिया. तिच्यातली लघुकादंबरी फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: यंत्रं शोभेपुरती उरतात. नायिकेच्या टोपीवर दातेरी चक्रं, कपाळावर पितळी गॉगल आणि "ती विलक्षण बुद्धिमान होती" असं लेखकाने दिलेलं प्रमाणपत्र. वाचकाला हुशारी सांगून पटत नाही, ती हातांतून दिसावी लागते. म्हणून पात्रांच्याही आधी यंत्र पक्कं करा आणि प्रेमातलं प्रत्येक मोठं वळण त्याच्या एखाद्या बिघाडाला किंवा दुरुस्तीला बांधा. दोघांना जवळ आणणारा प्रसंग यंत्र काढून टाकूनही तसाच घडत असेल, तर तो पुन्हा लिहायला घ्या.

आधी आवाका. ह्युगो आणि नेब्युला या विज्ञानकथांच्या पुरस्कारांत १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या कथेला नॉव्हेला, म्हणजे लघुकादंबरी, मानतात. पहिल्या खेपेला २५,००० शब्द धरा, म्हणजे १,२०० ते १,४०० शब्दांचे १८ ते २० प्रसंग. एवढ्यात एक मोठं यंत्र, एक मुख्य बिघाड, दोन माणसं आणि एक विरोधक मावतो. दुसरी प्रेमकथा मावत नाही.

यंत्राचं एक पान

लिहायला बसण्याआधी यंत्राची माहिती एका पानावर उतरवा: इंधन कोणतं, वाफेचा दाब किती, थंड बॉयलरमधून वाफ तयार व्हायला किती वेळ, चालवायला किती माणसं, नीट चालताना आवाज कसा आणि बिघडायच्या तीन वाटा कोणत्या. वेळेची नोंद सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. मोठा बॉयलर पेटवून वाफ धरायला काही तास लागतात. "तिने कळ दाबली आणि इंजिन धडधडू लागलं" असं लिहिलंत की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. उलट हे तास प्रेमकथेला फार सोयीचे असतात: दोघं भट्टीजवळ अडकलेले, हाताशी काम थोडं आणि बोलायला वेळ भरपूर.

आकडे काळाशी जुळवून घ्या. जेम्स वॉटच्या इंजिनांचा दाब हवेच्या दाबाहून जेमतेम जास्त असे. १८५०च्या दशकातल्या रेल्वे इंजिनांत तो दर चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास गेला होता. गोल तबकडीचा दाबमापक बूर्दों या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ मध्ये पेटंट केला. कथा १८४०ची असेल आणि भिंतीवर तसा मापक हवा असेल, तर तो नायिकेनेच बनवलेला असू द्या. इतिहासातली चूक तिथे तिचा शोध होते. कल्पनेला मोकळीक जरूर घ्या, पण एकाच ठिकाणी घ्या आणि बाकी सगळं खऱ्या भौतिकशास्त्रावर चालू द्या.

आकाशयान हवं असेल तर आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याचं वायूच्या फुग्याखाली इंजिन टांगून केलेलं १८५२चं उड्डाण अभ्यासा. वाफेचं इंजिन फक्त ३ अश्वशक्तीचं, पॅरिसपासून सुमारे २७ किलोमीटरचा प्रवास आणि वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतका जोर नाही. वर ज्वलनशील वायू आणि खाली पेटती भट्टी, म्हणून त्याने धुराडं खालच्या बाजूला वळवलं होतं. एवढ्या अडचणी आयत्या मिळत असताना वेगळा खलनायक शोधायची गरज क्वचितच पडते.

हुशारी कशी दाखवायची

पहिल्या भेटीला छोटा बिघाड पुरतो. थंड सिलिंडरमध्ये वाफ सोडली की तिचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दट्ट्या (पिस्टन) त्यावर आदळतो आणि सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. नायिकेला ठोका ऐकू येतो, ती वाफ बंद करते, वाकून निचऱ्याचे कॉक (पाणी बाहेर काढणाऱ्या तोट्या) उघडते, मगच वाफ हळूहळू सोडते. संवादाची एकही ओळ लागत नाही.

मध्यभागीचा मोठा प्रसंग बारकाईने रचा. एक नमुना असा. चालत्या इंजिनात गेजच्या काचेतली, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली, पाण्याची पातळी सतत थोडी हलत असते. नायिकेला दिसतं, की हादरे बसताहेत तरी काचेतलं पाणी निश्चल आहे. म्हणजे खालचा मार्ग क्षाराने तुंबला आहे, काच खोटं बोलते आहे आणि बॉयलरमध्ये पाणी खूप कमी उरलेलं असू शकतं. तसं असेल तर एरवी पाण्याखाली असणारं भट्टीचं छत उघडं पडून तापलं असणार. नायक घाईने थंड पाणी सोडायला जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं: लालभडक पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते, दाब उसळतो आणि बॉयलर फुटू शकतो. आग ओल्या राखेने दाबायची, हवेची झडप बंद करायची, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हे समजावून सांगायला तिच्याकडे वेळ नाही. ती फक्त "हात काढा" म्हणते आणि तो काढतो. प्रेमकथेचा कणा इथे आहे: कारण कळण्याआधी त्याने तिच्या निर्णयावर ठेवलेला विश्वास. स्पष्टीकरण पुढच्या प्रसंगात, आग विझल्यावर द्या.

चाणाक्ष वाचक विचारेल, की भट्टीच्या छतात शिशाची गुडदी (बूच) असते, ती वितळून वाफेने आग का विझली नाही? उत्तर तयार ठेवा. कुणीतरी शिशाच्या जागी लोखंड ठोकलं आहे, आणि विरोधकाचा माग तिथून सुरू होतो.

तिला सगळंच येतं असं मात्र करू नका. धातुकामात तरबेज आणि हिशेबात कच्ची, किंवा आराखडे अचूक पण रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांशी बोलणं जमत नाही, अशी खरी उणीव द्या. तिचा एक अंदाज चुकू द्या आणि त्याची किंमत तिलाच मोजावी लागू द्या. कपड्यांचंही भान हवं. सैल बाह्या आणि मोकळे केस घेऊन लेथजवळ उभी राहणारी बाई यंत्रज्ञ वाटत नाही. बाह्या कोपरापर्यंत, केस घट्ट बांधलेले आणि नखांत काजळी.

अडसर कुठून आणायचा

गैरसमजावर उभा केलेला विरह या प्रकारात फार लवकर पातळ होतो. त्यापेक्षा कायदा वापरा. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२चा कायदा येईपर्यंत लग्न झालं की पत्नीची बहुतेक जंगम मालमत्ता पतीच्या ताब्यात जात असे. १८७०च्या कायद्याने तिची कमाई तिच्याकडे राहू लागली, पण पूर्ण हक्क नव्हता. आता नायिकेच्या नावावर पेटंट आहे असं धरा. ती त्याच्यावर प्रेम करते, तो सज्जन आहे, आणि तरीही होकार दिला की आयुष्यभराचं काम त्याच्या हाती जातं. दोघांपैकी कुणीही वाईट नसताना उभा राहणारा हा पेच खरा आहे. सोडवणूकही तिच्याच डोक्यातून निघावी: लग्नाआधी विश्वस्तांच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा करार तेव्हा करता येत असे. नायकाने त्यावर न कुरकुरता सही करणं हे कुठल्याही गुडघे टेकण्यापेक्षा मोठं प्रेमनिवेदन आहे.

नायकाला स्वतःचं काम द्या. तो नुसता कौतुक करणारा असेल तर कथा एका पायावर चालते. नकाशे काढणारा, काच फुंकणारा, कारखान्याचे हिशेब सांभाळणारा, काहीही चालेल, फक्त तिच्या यंत्राला त्याच्या कौशल्याची एकदा खरोखर गरज पडली पाहिजे.

मराठीत लिहिताना एक हत्यार हाताशी आहेच: "तुम्ही" आणि "तू". पहिले बारा-तेरा प्रसंग दोघांना काटेकोर "तुम्ही"वर ठेवा. बॉयलरच्या प्रसंगानंतर एखाद्या साध्या वाक्यात, पाना मागताना वगैरे, तिच्या तोंडून पहिल्यांदा "तू" निघू द्या. त्यावर भाष्य करू नका आणि नंतर चुकूनही मागे जाऊ नका. हस्तलिखितात हा बदल नेमका कुठे होतो ते समासात खूण करून ठेवा, नाहीतर पुनर्लेखनात घोळ होतो.

शेवटच्या वाचनात फक्त यंत्राचे परिच्छेद सलग वाचा. दाबाचे आकडे, भागांची नावं, कोणती झडप कोणत्या बाजूला, हे त्या पहिल्या पानाशी ताडून घ्या. सलग तीन वाक्यांहून लांब तांत्रिक खुलासा दिसला तर तो तोडा आणि मधे कुणाला तरी काहीतरी करायला लावा.