घाटातली मालगाडी कॅमेऱ्यात कशी पकडायची: मागचं इंजिन जाईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका

कसारा ते इगतपुरी अंतर सुमारे 14 किलोमीटर. तेवढ्यात रेल्वे 300 मीटरच्या आसपास वर चढते. थळ घाटाचा हा चढ 1:37 चा आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. कर्जत–लोणावळ्याच्या बोरघाटातही तोच आकडा, आणि कॅसलरॉक–कुळेच्या ब्रागांझा घाटातही तोच. सपाटीवर मालगाडी टिपणं आणि इथे टिपणं यांत बराच फरक आहे. इथे गाडीच्या पुढे इंजिन असतं तसं मागेही असतं, आणि बघण्यासारखी मजा बहुतेक वेळा मागच्या टोकाला असते. समोरचं इंजिन गेलं की रेकॉर्डिंग बंद करणाऱ्याच्या हाती घाटाचा निम्माच व्हिडिओ लागतो.

मागची इंजिनं, म्हणजे बँकर, का लागतात ते समजलं की काय टिपायचं तेही कळतं. 58 वाघिणींची भरलेली बॉक्सएन रेक, म्हणजे वरून उघड्या वाघिणींची अख्खी गाडी, सुमारे 4,700 टनांची असते. 1:37 च्या चढावर त्यातलं सव्वाशे टनांहून जास्त वजन तिला सतत मागे ओढत असतं. वॅग-9 या मालगाडीच्या विजेच्या इंजिनाची सुटतानाची ओढ 460 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 47 टन. हिशोब उघड आहे. सगळी इंजिनं पुढे लावून ओढायचं म्हटलं तर पहिल्या काही वाघिणींच्या कपलिंगवर सगळा ताण येतो आणि ते तुटू शकतं. म्हणून काही इंजिनं मागून ढकलतात. चढावर मध्येच कपलिंग तुटलंच, तर मागचा भाग घरंगळू नये म्हणूनही ती तिथे असतात. गार्डच्या ब्रेकव्हॅनच्या मागे, सहसा दोन-तीन, एकमेकांना जोडलेली.

आधी अप-डाउन पक्कं करा, नाहीतर सगळा बेत उलटा होतो. मध्य रेल्वेत मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाउन. त्यामुळे घाट चढते ती डाउन गाडी आणि उतरते ती अप. नवख्यांचा पहिला गोंधळ हमखास इथेच होतो.

कुठे उभं राहायचं

सुरुवात कसाऱ्याच्या फलाटावरून करावी. मुंबईहून थेट लोकल येते, उभं राहणं कायदेशीर आहे आणि बँकर जोडण्याचं काम डोळ्यांसमोर होतं. बँकर मागून हळूहळू येतात, शेवटचे काही मीटर तर पावलापावलाने, आणि कपलिंग जुळलं की खणखणीत आवाज होतो. मग ब्रेक पाइपची जोडणी आणि तपासणी होते. हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चालू शकतं, त्यामुळे घाई करू नका. गाडी सुटण्याआधी पुढचं इंजिन शिट्टी देतं आणि मागचं तिला उत्तर देतं. ही देवाणघेवाण घाटाबाहेर फारशी ऐकायला मिळत नाही, म्हणून ती चुकवायची नाही. बोरघाटात हेच काम कर्जतला होतं. वर इगतपुरी किंवा लोणावळ्याला बँकर सुटतात, तो भागही टिपण्यासारखा आहे.

फलाटावर बसायचं असेल तर प्रवासाचं किंवा फलाटाचं तिकीट हवंच. फलाट तिकीट दोनच तास चालतं. हाताने धरलेल्या मोबाइलला सहसा कोणी हटकत नाही. ट्रायपॉड मांडला की मात्र आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान येणार हे धरून चाला. नीट उत्तर द्या, आवरायला सांगितलं तर आवरा. पैसे घेऊन किंवा जाहिरातीसाठी चित्रीकरण करायचं असेल, तर संबंधित रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून आधी परवानगी घ्यावी लागते.

घाटात प्रत्यक्ष रुळांवर जायचं नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दूधसागरच्या वाटेवर रुळांवरून चालणाऱ्यांवर याच कलमाखाली कारवाई होते. पण दंडापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. चढणारी गाडी लांबून गर्जत येते, तिचं भय नाही. भय आहे ते उतरणाऱ्या सुट्या इंजिनांचं. इगतपुरीला सुटलेले बँकर एकमेकांना जोडून परत कसाऱ्याकडे येतात. उतारावर त्यांना जोर लावावा लागत नाही, त्यामुळे ती फारसा आवाज न करता वळणावरून अचानक समोर येतात. शेजारच्या रुळावरून मालगाडी चढत असेल तर त्यांची चाहूलच लागत नाही. बोगद्यात आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नसते.

जागा शोधायची ती सॅटेलाइट नकाशावर. महामार्ग, गावचे रस्ते, शेताच्या वाटा आणि डोंगरधारेवरच्या पायवाटा यांपैकी कुठून रूळ 200 ते 800 मीटरवर आणि थोडे खाली दिसतात ते पाहा. खासगी शेत असेल तर मालकाला विचारा. दोन शब्द बोललं की बहुतेक ठिकाणी नकार येत नाही, उलट कोणत्या वळणावर गाडी जास्त वेळ दिसते तेही कळतं. रुळाच्या वरून टिपण्याचा एक फायदा असा की ओव्हरहेड वायरचे खांब चित्रात कमी आडवे येतात. रुळाच्या पातळीवरून पाहिलं तर दर काही सेकंदांनी इंजिनाच्या तोंडावर खांब येतो.

ड्रोनचा मोह टाळलेला बरा. 25,000 व्होल्टची वायर, दरीतला वारा आणि परवानग्या, तिन्ही गोष्टी विरोधात जातात. लोणावळ्यात तर आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळच आहे. सेल्फी स्टिक किंवा लांब मोनोपॉडही वायरखाली उंच करू नका. वायरला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, विजेला जवळ येणंही पुरतं.

गाडी कधी येणार

मालगाडीला लोकांसाठी वेळापत्रक नसतं आणि प्रवासी गाड्यांच्या ॲपवर ती दिसत नाही. एक्सप्रेस गाड्यांचं वेळापत्रक घेऊन त्यात मोकळी जागा कुठे आहे ते शोधा. मालगाड्या तिथेच घुसवतात. दुसरी खूण बँकरची. सुट्या इंजिनांचा जथा घाट उतरून खाली गेला, म्हणजे खाली कोणीतरी ढकलायला थांबलेलं असण्याची शक्यता बरीच. पण थळ घाटात प्रवासी गाड्यांनाही बँकर लागतात, त्यामुळे ही खूण मालगाडीचीच असेल असं नाही. वंदे भारत मात्र बँकरशिवाय चढते. रविवारी मेगा ब्लॉक असेल तर सगळा अंदाज कोलमडतो, आदल्या दिवशी बातमी पाहून निघा.

उजेडाचं गणित सोपं आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे लाइन साधारण ईशान्येला जाते. सकाळी चढणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं आणि दुपारनंतर मागच्या बँकरवर. उतरणाऱ्या गाड्या दुपारनंतर चांगल्या दिसतात. एक अडचण आहे: सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेला उतरते, त्यामुळे सकाळी डोंगराची सावली बराच वेळ रुळांवर असते. अगदी पहाटे पोहोचून उपयोग नाही. उलट उन्हाळ्यात अकरानंतर तापलेल्या खडीवरून हवा थरथरते आणि 400 मिमीच्या लेन्समधून सातशे मीटरवरचं इंजिन पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. महाग लेन्सनेही ते सुटत नाही. जवळ जा किंवा संध्याकाळची वाट पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, हिरवं टिकलेलं असतं आणि हवा धुतलेली. भर पावसात धबधबे सुंदर दिसतात, पण धुकं दहा मिनिटांत लाइन गिळतं आणि दरडींचा धोका असतो.

चढ चित्रात दिसत का नाही

ही तक्रार सगळ्यांची. 1:37 म्हणजे कोनात दीड अंशाहून किंचित जास्त. रेल्वेसाठी हा भयंकर चढ, डोळ्यासाठी जवळजवळ सपाट. मग कोणी कॅमेराच तिरका धरतं. लगेच उघडं पडतं, कारण मागचे खांब आणि झाडं कलतात. ट्रायपॉडचा बुडबुडा मध्यावर ठेवा आणि चढ दाखवायचं काम लेन्सला करू द्या. 200 ते 400 मिमीची लेन्स घेऊन गाडीला जवळजवळ समोरून, लांबून पाहा. सातशे मीटरची गाडी चढावर उभी असेल तर तिचं पुढचं टोक मागच्यापेक्षा 19 मीटर वर असतं, म्हणजे साधारण सहा मजले. लांब लेन्समध्ये हे सहा मजले एकावर एक रचल्यासारखे दिसतात. बाजूने टिपायचं असेल तर चित्रात काहीतरी सपाट हवं: घराचं जोतं, बंधाऱ्याचं पाणी, फलाटाची कडा. रुळाशेजारी चढाचा आकडा लिहिलेली पाटी असते, तिचं एक छोटं दृश्य आधीच घेऊन ठेवा.

सेटिंग

सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. हा आग्रह हौसेचा नाही, विजेचा आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. मोबाइल मुळात 30 फ्रेमवर असतो आणि फलाटावरच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. 25 किंवा 50 फ्रेम आणि 1/50 किंवा 1/100 शटर ठेवलं की ते थांबतं. भर उन्हात 1/50 ला चित्र पांढरं पडतं, म्हणून उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लागतो. आयएसओ 100, एफ/5.6 ला एनडी 16 जवळपास बरोबर बसतो.

एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. न केल्यास काय होतं? वळणावरून हेडलाइट समोर आला की कॅमेरा घाबरून सगळं चित्र काळं करतो आणि इंजिन गेल्यावर पुन्हा उजळतो. मोबाइलवर स्क्रीन दाबून धरली की एक्स्पोजर-फोकस लॉक होतात. आधी रुळाच्या ज्या बिंदूवर इंजिन मोठं दिसायला हवं तिथे फोकस करा. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद ठेवा, नाहीतर लांब गाडी जाताना मागचा डोंगरच सरकल्यासारखा वाटतो. मोबाइल विमान मोडवर टाका. गाडी ऐन फ्रेममध्ये असताना फोन आला तर चित्रीकरण तुटतं.

आता वेळ. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 7 मीटर. सातशे मीटरची गाडी एका जागेवरून जायला शंभर सेकंद घेते. आधी वीस सेकंद, नंतर तीस, म्हणजे अडीच मिनिटांचं एक दृश्य. 100 मेगाबिटच्या 4के रेकॉर्डिंगला ते सुमारे 1.9 जीबी होतं. कॅमेरा फिरवू नका. फिरवायचाच असेल तर पाय आणि कंबर शेवटच्या दिशेला ठेवून उभे राहा आणि वरचं अंग सुरुवातीकडे वळवा. मग अंग सैल होत जातं आणि शेवट थरथरत नाही. पण बहुतेक वेळा स्थिर फ्रेमच जिंकते. गाडी हळू आहे, तिला चित्र ओलांडू द्या.

आवाज

घाटाचा अर्धा जीव आवाजात आहे आणि इथेच सगळे आळस करतात. आधी लांबून शिट्टी, मग ब्लोअरची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांची, गर्जना, वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासून होणारी किंचाळी, मग वाघिणींची एकसुरी लय, आणि ती संपत आली असं वाटत असताना मागून पुन्हा गर्जना चढत येते. बँकर. हा दुसरा चढाव ऐकू यावा म्हणून आवाजाचं ऑटो लेव्हल बंद करा. ते चालू असेल तर मधल्या वाघिणींचा आवाज फुगवला जातो आणि बँकर आले की दाबला जातो, फरकच उरत नाही. इंजिनाचा आवाज उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवा. शिट्टी त्याहून खूप वर जाते, तिला जागा हवी. ‘सी/फा’ची (सीटी/फाटक, म्हणजे फाटकासाठी शिट्टी द्या) पाटी जवळ असेल तर तिथे शिट्टी वाजणारच, तेवढं अंतर राखा. माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच, स्पंजने दरीचा वारा अडत नाही. रेकॉर्डर कॅमेऱ्यापासून वीसेक मीटर दूर ठेवा, म्हणजे चप्पल, बॅग आणि सोबत्याची कुजबुज येणार नाही. धबधब्याशेजारी आवाज घेऊ नका, पाण्याचा एकसारखा खळाळ ब्लोअरचा आवाज खाऊन टाकतो.

उतरणाऱ्या गाडीचं चित्रण वेगळं. तिथे ताकद नाही, धरून ठेवणं आहे. ब्रेक ब्लॉक तापतात, चाकांजवळ निळसर धूर दिसतो आणि करपल्यासारखा वास येतो. गाड्या घाटात कॅच सायडिंगपाशी थांबतात. तिथला सांधा, म्हणजे रूळ बदलण्याची जागा, मुळात बाजूच्या रुळाकडे, सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत, हे दिसल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी सायडिंगच्या उलट्या चढावर जाऊन थांबावी, अशी ती योजना. लांबच्या लेन्समधून चाकांचा आणि धुराचा एक जवळचा तुकडा घ्या.

लाल शर्ट, लाल छत्री, लाल ओढणी घरी ठेवा. रुळाजवळ लाल कापड हललं तर लोको पायलट धोका समजून ब्रेक लावू शकतो, आणि भरलेली गाडी 1:37 वर थांबली की पुन्हा सुटताना चाकं घसरतात, वाळू टाकावी लागते, मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. फ्लॅश किंवा टॉर्च इंजिनाकडे मारू नका.

घरी आल्यावर फाइलला तारीख, जागा, चढ की उतार आणि इंजिनांचे क्रमांक त्याच दिवशी लिहा. 27 किंवा 28 ने सुरू होणारे पाच आकडी क्रमांक वॅग-7 चे, 31, 32, 33 चे वॅग-9 चे. शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव अंगावरच लिहिलेलं असतं. पुढच्या इंजिनाचा क्रमांक सगळे टिपतात, बँकरचे सहसा राहून जातात. ते वाचता यावेत म्हणून शटर 1/200 करून फलाटावरून एक वेगळं दृश्य घेतलं तर आकडे धूसर होत नाहीत.