१०६४ वरून ५३२ : एलबीओ स्फटिकाचं तापमान कसं जुळवावं

१०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य लेसरमधून हिरवा ५३२ काढायला एलबीओ (लिथियम ट्रायबोरेट) स्फटिक ओव्हनमध्ये साधारण १४९ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथे दोन्ही किरण एकाच वेगाने चालतात, शिवाय हिरवा किरण बाजूला सरकत नाही.

तापवताना घाई अजिबात नको. एलबीओ एका अक्षावर प्रसरण पावतो, दुसऱ्यावर चक्क आकुंचन पावतो; म्हणून झटक्यात तापवला की आधी कोटिंगवर, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरच्या लेपावर, बारीक रेषा उमटतात, मग स्फटिकच तडकतो. मिनिटाला २ अंश पुरे. बंद करतानाही तोच वेग.

आता पॉवरमीटरसमोर डायक्रोइक आरसा (हिरवा आणि १०६४ वेगळे करणारा) लावा, नाहीतर उरलेला १०६४ही मोजला जाईल. १५५ पासून ०.१ अंशाने खाली या, दर पायरीला दोन मिनिटं थांबा. तापमानाचा सेन्सर ओव्हनच्या भिंतीत असतो, त्यामुळे हिरव्या शक्तीचं शिखर १४७ किंवा १५१ वर दिसलं तरी बिचकू नका. खरा धोका उपशिखरांचा: समांतर किरणात मुख्य शिखराशेजारी जेमतेम ५ टक्के उंचीची शिखरं असतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. शिखर सापडलं तरी आणखी काही अंश खाली जाऊन बघाच.

तरीही हिरवा फिकाच? अर्ध-तरंग वेव्हप्लेट (ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची, दिशा वळवणारी चकती) हळूहळू फिरवा. १०६४ चं ध्रुवीकरण स्फटिकाच्या झेड अक्षाला समांतर हवं. कमी शक्तीच्या अखंड लेसरला २० मिमी स्फटिकाच्या मध्यभागी सुमारे २७ मायक्रॉन त्रिज्येचा फोकस योग्य. स्पंदित लेसरला एवढा बारीक फोकस देऊ नका, कोटिंग जळेल.

चष्मा ५३२ आणि १०६४ दोन्ही अडवणाराच घाला.