थार की जिम्नी? घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

पावसाळा जवळ आला की हा प्रश्न सुरू होतोच, महिंद्राची थार घेऊ का मारुतीची जिम्नी, आणि उत्तरं काय मिळतात तर "थार म्हणजे थार" नाहीतर "जिम्नी काय खेळणं आहे". यातून कोणाला काय कळणार. दोन्ही गाड्या खऱ्याखुऱ्या लॅडर फ्रेमवाल्या (खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) आहेत, दोन्ही चार माणसांच्याच आहेत, लांबीसुद्धा दोघींची ३९८५ मिमी, म्हणजे चार मीटरच्या आतच. मी इथे तीन दारांच्या थारबद्दलच बोलतोय, थार रॉक्स २०२४ ला आली, ती पाच दारांची, मोठी आणि वेगळी गाडी आहे, तिला मधे आणलं की सगळा हिशोब बिघडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिले सांगतो. प्रत्येक थार फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, नसते. जानेवारी २०२३ पासून मागच्या चाकांवर चालणारी थार पण मिळते, १.५ लिटर डिझेलवाली आणि पेट्रोल ऑटोमॅटिकवाली, आणि दिसायला ती जवळपास सेम. शहरात रुबाब करायचाय, फार्महाऊसला जायचंय तर तीच घ्या, पैसे वाचतील, पण ती घेऊन मावळातल्या चिखलात शिरायचं आणि मग ट्रॅक्टरवाल्या काकांना फोन करायचा हे सीन दर जुलैत होतात. सेकंड हँड बघताना गिअरच्या शेजारी फोर बाय फोरची दुसरी छोटी दांडी आहे का ते आधी बघा, बाकी कलर नि म्युझिक सिस्टीम नंतर. जिम्नीत ही भानगडच नाही, सगळ्या व्हेरियंटला फोर बाय फोर आणि लो रेंज (हळू पण जास्त ओढीचे गिअर) येतंच.

दुसरी चूक म्हणजे ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीच्या, आकड्यावरून भांडणं. थारचा २२६ मिमी, जिम्नीचा २१०. अरे १६ मिमीत काय होतंय? खरा फरक वजनात आणि रुंदीत आहे. जिम्नी साधारण १२०० किलोची, थार फोर बाय फोर दीड टनाच्या बरीच वर. चिखलात हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तरी चार जण ढकलून काढतात, थार ढकलायची म्हणजे गावच गोळा करावं लागतं. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, थारची १८२०, त्यामुळे कोकणात वाडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे आणि समोरून रिक्षा आली की हा पावणेदोनशे मिमीचा फरक काय असतो ते कळतं.

पण म्हणून लगेच जिम्नी बुक करू नका. तिचं १.५ पेट्रोल इंजिन १०५ पीएस (ताकद) आणि १३४ एनएमचं (ओढ), थारचं २.२ डिझेल साधारण १३० पीएस आणि ३०० एनएमचं. चार माणसं, बॅगा, एसी चालू आणि कुंभार्ली घाट, अशा वेळी जिम्नी सतत गिअर उतरवायला लावते, आणि ऑटोमॅटिक घेतली तर गिअर चारच आहेत. टाकी पण ४० लिटरची, थारची ५७. एक्सप्रेस वेवर जिम्नीचं स्टेअरिंग जरा मोघम वाटतं, पुढेसुद्धा सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे ना त्यामुळे, आणि तोच एक्सल दगडधोंड्यात एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबून धरतो. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलंय, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, हायवेला बरं पडतं. म्हणजे काय, एकीकडे मिळतं ते दुसरीकडे जातं.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमपासून सिग्नलपर्यंत आणि परत, यातून काहीही कळत नाही. एखादा चढ मागा, खराब पॅच मागा, आणि आई-बाबांना मागे बसवून बघा. थारमध्ये मागे जायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा एकदा. जिम्नीला मागे दारं आहेत पण डिकी २०८ लिटरची, दोन ट्रॉली बॅगा ठेवल्या की विषय संपला.

आता गाडी घेतल्यावरचं. दोन्हीतलं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र लॉक होतो. पाऊस पडतोय म्हणून लोक चांगल्या डांबरी रस्त्यावर फोर-एच (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा मोड) टाकून फिरतात, हे करू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, सैल जमिनीवर ती घसरून ऍडजस्ट होतात, डांबरावर घसरत नाहीत, मग सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. स्टेअरिंग जड होतं, कटकट आवाज येतो, दांडी टू-एचला (दोनच चाकांच्या मोडला) परत येत नाही नाहीतर मीटरमधला फोर बाय फोरचा लाइट जात नाही. ती जोर लावून ओढू नका. स्टेअरिंग सरळ करा, गाडी थोडी रिव्हर्स घ्या, मग दांडी काढा, बहुतेक वेळा सुटते. आणि फोर-एल (म्हणजे लो रेंज) टाकायचं तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये.

चिखलात अडकल्यावर अजून एक गंमत होते, ऍक्सिलरेटर दाबतोय पण पॉवरच येत नाही, लोकांना वाटतं गाडी बिघडली. बिघडलेली नसते, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली सिस्टीम) चाक फिरताना बघून पॉवर कापतं, तेव्हा ईएसपी बंद करा. जिम्नीत फोर-एल टाकलं की ते आपोआप बंद होतं. आणि एक चाक हवेत फिरायला लागलं की घाबरून पाय काढू नका, कारण ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देणारी सिस्टीम चाक फिरल्यावरच जागी होते. थारच्या काही व्हेरियंटला मागे मेकॅनिकल लॉकर मिळतो, तो डाव्या-उजव्या चाकाच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की लॉक होतो. म्हणून पाय एकसारखा ठेवायचा, पंप मारल्यासारखा नाही. चाक नुसतंच खड्डा खणत असेल तर मात्र थांबा, नाहीतर गाडी पोटावर टेकेल.

टायरच्या हवेबद्दल कोणी बोलतच नाही. चिखलात-वाळूत १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की फरक लगेच जाणवतो, पण परत हवा भरायला कंप्रेसर सोबत पाहिजे, कमी हवेत हायवेला स्पीडने जाणं धोक्याचं आहे. आधी हे करून बघा, मग मोठ्या मड टायरवर पैसे घाला, त्याने गाडी जड होते, ऍव्हरेज पडतं, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. पुढे बुल बार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) लावायचा विचार असेल तर सोडून द्या, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

पाण्याचं काय, थार किती खोल पाण्यातून जाते तर कंपनी ६५० मिमी सांगते, पण तो आकडा ओढ्याच्या वाहत्या पाण्यासाठी समजू नका, पाण्याचा जोर गाडीला बाजूला ढकलतो आणि तळाचा दगड दिसत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर इन्शुरन्सवाले सरळ हात वर करतात. समुद्रकिनाऱ्यावर तर गाडी नेऊच नका, भरती कोणासाठी थांबत नाही आणि खारं पाणी चेसिसला लागलं की गंज ठरलेला.

दुसऱ्याची गाडी ओढताना पट्टा टो बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच अडकवू नका, बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो. ट्रकवर गाडी बांधायचा हुक पण ओढायला वापरायचा नाही, मॅन्युअलमध्ये टोइंगचा हुक कुठला ते दिलेलं असतं, ते पान निघायच्या आधी बघून ठेवा. पट्ट्यावर मधोमध जड चादर टाका आणि व्हिडिओ काढणाऱ्या मित्रांना लांब उभं करा.